लाकडी फाईफवरचं नाव कोणाचं?

आमच्या घरी पितळेचा एक मोठा डबा आहे. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, 'मामाकडून सप्रेम भेट', आणि खाली तारीख. आजीच्या लग्नातला. उद्या शंभर-दीडशे वर्षांनी हा डबा कुणा परदेशी संग्राहकाच्या हाती लागला आणि त्याने चिठ्ठीवर लिहिलं, 'कारागीर: मामा, पुणे', तर आपण पोट धरून हसू. पण जुन्या वाद्यांच्या बाबतीत ही चूक रोज होते आणि तेव्हा कोणी हसत नाही, उलट पैसे मोजतात.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे शेजारच्या बाई. मी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात राहतो, संध्याकाळी बासरीचा रियाज करतो. तो भिंतीपलीकडे ऐकू जातो हे मला त्या दिवशी कळलं. त्या माळा आवरत होत्या आणि एका जुन्या लोकरी मोज्यात त्यांना लाकडाची एक लहान आडवी बासरी सापडली. "माझ्या पणजोबांची. सिव्हिल वॉरमधली," त्यांनी मोजा माझ्या हातात ठेवला. "तुला कळत असेल यातलं. कोणी बनवली असेल?"

मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जे कळलं ते इथे लिहितोय.

या वाद्याला फाईफ म्हणतात. आपल्याकडच्या पाव्याचा लष्करी चुलतभाऊ म्हणा. एकाच तुकड्याचं कातीव लाकूड, आत बारीक सरळ पोकळी, फुंकायला एक भोक आणि बोटांना सहा. भोकं झाकणाऱ्या धातूच्या चाव्या नाहीत. पंधराव्या-सोळाव्या शतकात स्विस भाडोत्री सैनिकांनी ढोलाच्या जोडीला हे वाद्य युरोपभर नेलं. त्याचा आवाज कर्कश असतो आणि तो तसाच हवा असतो, कारण बंदुकांच्या धडाक्यात आणि हजार माणसांच्या गलक्यात तो ऐकू जायला हवा. पहाटे उठवणं, जेवायला बोलावणं, दिवे मालवायला लावणं, कूच, हे सगळे हुकूम ढोल आणि फाईफवर वाजायचे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, पायदळाच्या प्रत्येक कंपनीला दोन वादक असायचे, सहसा एक ढोलवाला आणि एक फाईफवाला. बरेचदा ती पोरंच असत. माने या फ्रेंच चित्रकाराचं १८६६ मधलं लाल विजारीतल्या मुलाचं चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल. त्याच्या ओठांशी जे आहे तो फाईफच, आणि कमरेला लटकतेय ती फाईफ ठेवायची पितळी नळी.

फाईफ आपल्याकडेही आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या पलटणींमध्ये ढोल आणि फाईफ होते, त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही आल्या. त्यामुळे पुणे-मुंबईच्या जुन्या बाजारात असं एखादं वाद्य निघालं तर दचकायचं कारण नाही. ते लंडनचं असण्याची शक्यता मोठी.

आता हातात फाईफ आहे. पहिला मोह होतो फुंकून बघायचा. तो आवरा. वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं लाकूड आतून एकदम ओलं आणि गरम झालं की आतली बाजू फुगते, बाहेरची तशीच राहते आणि लाकूड तडकतं. मी एकदा दुसऱ्या एका जुन्या बासरीचा असा खून केला आहे. 'टक्' असा लहानसा आवाज झाला, बस. दुसरा मोह पुसायचा. तेल लावायचं नाही, पितळ चकाकवायचं नाही. अर्ध्या मिलिमीटरहूनही उथळ असलेला शिक्का एका उत्साही दिवाळीच्या साफसफाईत कायमचा जाऊ शकतो.

तिसरा मोह सगळ्यात अवघड. तो म्हणजे शिक्का वाचून लगेच फोनवर शोधायचा. जुलैतल्या तिसऱ्या शनिवारी इथून जवळच डीप रिव्हर गावात फाईफ आणि ढोलवाल्यांची मोठी जत्रा भरते. पांढऱ्या पायमोज्यांत, तीन कोनांच्या टोप्यांत शेकडो माणसं रस्त्याने वाजवत जातात. आपल्या ढोल-ताशा पथकांची आठवण येते, फक्त इथे घाम लोकरीत मुरतो. तिथे एका म्हाताऱ्या फाईफवाल्याला मी तो दाखवला. त्याने शिक्क्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून एकेका भोकात करंगळीचं टोक फिरवलं, मग नळी उन्हाकडे धरून आतून बघितलं, मग टोकाची कडी नखाने चाचपली. पाच मिनिटांनी म्हणाला, "आता वाच काय लिहिलंय ते."

त्याचा क्रम बरोबर होता. शिक्का म्हणजे वाद्याने स्वतःबद्दल केलेला दावा. साक्षीदार आधी तपासायचे, दावा मग वाचायचा.

सुरुवात मापांपासून करा. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम, नाहीतर शाळेची पट्टी. पूर्ण लांबी घ्या, पण त्याहून महत्त्वाची लांबी वेगळीच आहे, ती म्हणजे फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून उघड्या टोकापर्यंतची. सूर त्या लांबीवर ठरतो. फुंकायच्या भोकाच्या पलीकडे डोक्यात बुचाची गुडदी असते आणि तिच्या पलीकडचं लाकूड तोलासाठी आणि शोभेसाठी. शेजारच्या बाईंचा फाईफ पूर्ण ३९.८ सेंटिमीटर भरला आणि ही वाजती लांबी ३३.४.

यावरून न फुंकता सूर काढता येतो. दोन्हीकडून उघड्या नळीचा मूळ सूर म्हणजे ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरा. ३४५ भागिले ०.६६८, म्हणजे सेकंदाला ५१६ कंपनं. पेटीवरची पांढरी एक, जराशी उतरलेली. मी खूश होऊन तसं लिहूनही टाकलं, आणि ते चुकलं. कारण हवा नळीच्या टोकाशी आज्ञाधारकपणे थांबत नाही, ती थोडी बाहेरही थरथरते, आणि फुंकायचं भोक नळीच्या मानाने लहान असल्यामुळे त्या बाजूला नळी असते त्याहून लांब असल्यासारखी वागते. एवढ्या आकाराच्या वाद्यात दोन्ही मिळून सुमारे चार सेंटिमीटर वाढवून धरावे लागतात. तसं केलं की आकडा ४६१ येतो, म्हणजे काळी पाचच्या जवळ. लष्करी फाईफचा सगळ्यात रुळलेला सूर हाच.

बासरी वाजवणाऱ्यांसाठी एक खुलासा. आपण बासरीचा सूर वरची तीन भोकं झाकून येणाऱ्या सा वरून सांगतो. फाईफवाले सहाही झाकून येणाऱ्या सुरावरून सांगतात. आपल्या हिशेबाने तो मंद्र पंचम. वाद्याची रचना तीच, फक्त मोजायला सुरुवात वेगळ्या ठिकाणी. आणि सूर आजच्या पेटीशी तंतोतंत जुळला नाही म्हणून वाद्य बिघडलेलं ठरवू नका. मधल्या 'ध'ला, म्हणजे पांढरी सहाला, ४४० हा आकडा आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरला तो १९३९ मध्ये. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवला होता, इंग्लंडमधली लष्करी बँडं बरीच चढी वाजत. गावोगावचा सूर वेगळा, दुकानादुकानाचा वेगळा.

मग आतली पोकळी. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी आहे की पुढे निमुळती होत जाते? खऱ्या जुन्या फाईफची पोकळी सरळ, नळासारखी असते आणि बारीक असते, करंगळीसुद्धा आत जात नाही. निमुळती पोकळी, दोन तुकडे, आणि एखादी किंवा सहा चाव्या दिसल्या तर तो बहुधा पिकोलो, म्हणजे वाद्यवृंदातली लहान बासरी, किंवा एकोणिसाव्या शतकातली बँडची बासरी. विकणारे तिलाही फाईफच म्हणतात. त्यात दरवेळी लबाडी नसते, इंग्लंडमध्ये स्वतः वाजवणारेही तेव्हा सर्रास तसंच म्हणायचे. सहाऐवजी दहा भोकं असतील तर ते विसाव्या शतकातलं सुधारलेलं रूप.

पोकळीचं माप एकदा घेऊन थांबू नका. नळी पाव वळण फिरवून पुन्हा घ्या. बाईंच्या फाईफच्या टोकाशी एका बाजूने १०.४ मिलिमीटर आलं, दुसऱ्या बाजूने १०.१. कारागिराचा हात चुकला नव्हता. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. झाडाच्या वर्तुळांना धरून ते जास्त आकसतं, आणि खोडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने साधारण त्याच्या निम्मं. त्यामुळे लेथवर गोल कातलेली पोकळी पुढे कित्येक वर्षांत अंडाकृती होते. मला हा पुरावा फार आवडतो. शिक्का कोणीही ठोकू शकतो, चहाच्या पाण्यात बुडवून रंग जुना करता येतो, पण लाकडाला हळूहळू अंडाकृती करणं फसवणाऱ्याला परवडत नाही.

लाकूड ओळखणं हे या सगळ्यातलं जास्त बोललं जाणारं आणि कमी जमणारं काम. बाहेरचा रंग बघूच नका. शंभर वर्षांचा घाम, तेल आणि धूर यांनी काहीही काळं होतं. टॉर्च घेऊन बोटाच्या भोकाची आतली कड बघा, कुठे टवका उडाला असेल तर तो बघा. आत पिवळसर, लोण्यासारखं दाट, रंध्रं न दिसणारं लाकूड असेल तर बॉक्सवूड. अठराव्या शतकातल्या इंग्लिश बासऱ्या बहुतेक त्याच्या, आणि त्यांना आम्ल लावून मुद्दाम तपकिरी डाग पाडायची पद्धत होती. बॉक्सवूड म्हातारपणी वाकतं, केळ्यासारखा बाक आलेला फाईफ त्यामुळे नकली ठरत नाही. आत फिकट आणि वर एकसारखा गडद रंग असेल तर मेपलसारखं स्वस्त लाकूड रंगवलेलं असण्याची शक्यता जास्त. गडद तपकिरी, मेणचट हाताचं, मध्येच पिवळी रेघ असलेलं आणि हातात जड लागणारं लाकूड एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी फाईफमध्ये वारंवार दिसतं. ते कोकस, जमैका आणि क्युबाकडचं. त्याच्या स्पर्शाने काही जणांच्या ओठांवर पुरळ येतं. जवळजवळ काळं लाकूड असेल तर आफ्रिकन ब्लॅकवूड, म्हणजे आपल्या शिसवाच्याच कुळातलं. रोझवूडही त्याच कुळातलं, त्यात रंध्रं लहान-लहान रेघांसारखी डोळ्यांना दिसतात.

हे कुळ ओळखणं नुसती हौस नाही. शिसवाच्या कुळातल्या सगळ्या जातींवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना बहुतेक जातींपुरती सूट मिळाली, ब्राझिलियन रोझवूडला नाही. आणि टोकाची कडी हस्तिदंताची असतील तर विमानतळावर कोणी ऐकून घेणार नाही. भारतात आणायचा विचार असेल तर आधी नियम बघा, मग बॅग भरा.

टोकांच्या कड्यांवरून आठवलं. काठीच्या टोकाला बसवतात तशी धातूची कडी फाईफच्या दोन्ही टोकांना असतात. लाकूड फाटू नये म्हणून. बहुधा पितळेची, कधी पांढरट धातूची. पांढरट असतील तर चांदी समजून उड्या मारू नका, ते बहुधा जर्मन सिल्व्हर असतं. यात चांदी नावालाच, खरं तर तांबं, जस्त आणि निकेल. आपल्याकडे 'जर्मनची भांडी' म्हणजे ॲल्युमिनियमची, त्याच्याशी याचा काडीचा संबंध नाही. हा धातू १८२० च्या दशकात जर्मनीत कारखान्यात तयार व्हायला लागला आणि मग हळूहळू सगळीकडे पसरला. म्हणजे मूळचीच जर्मन सिल्व्हरची कडी असलेला फाईफ कोणी १७७६ च्या क्रांतियुद्धातला म्हणून विकत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. 'मूळचीच' हा शब्द मात्र महत्त्वाचा, कडी नंतर बदललेलीही असतात. कड्याखालचं लाकूड ताजं कापलेलं दिसतं का, कडं थोडं सैल आणि आत गोंद आहे का, हे बघा.

आता शिक्का. तो सहसा फुंकायचं भोक आणि बोटांचं पहिलं भोक यांच्यामध्ये असतो. लोखंडी ठसा लाकडावर दाबून किंवा तापवून उठवलेला. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च जवळजवळ आडवी धरा आणि नळी सावकाश फिरवा. सावल्या अक्षरं उचलून दाखवतात. फोनने वेगवेगळ्या कोनांतून दहा-बारा फोटो काढा, एकात नाही ते दुसऱ्यात दिसतं. जे दिसतं तेच लिहा. अर्धं अक्षर असेल तर अर्धंच लिहा. नावाच्या वर गरुड असेल तर अमेरिकेकडे बोट जातं, मुकुट असेल तर इंग्लंडकडे. तीन रेघांचा बाण दिसला तर ती ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण, कारागिराशी तिचा संबंध नाही.

बाईंच्या फाईफवर दोन ओळी निघाल्या: 'फर्थ, पॉन्ड अँड कं.' आणि खाली 'न्यूयॉर्क'.

इथे नशीब आमच्या बाजूने होतं. या घराण्याची भागीदारी इतक्या वेळा मोडली आणि जोडली गेली की नुसत्या नावावरून वर्षं कळतात. न्यूयॉर्कला एडवर्ड रायली नावाचा वाद्यं बनवणारा होता. त्याच्या हाताखाली जॉन फर्थ आणि विल्यम हॉल तयार झाले, आणि दोघांनी रायलीच्याच मुलींशी लग्नं केली. १८२० च्या दशकात 'फर्थ अँड हॉल'. १८३२ च्या सुमारास आल्बनीहून सिल्व्हेनस पॉन्ड येऊन मिळाला, तो आधी तिथल्या मीचम यांच्याबरोबर भागीदार होता. मग 'फर्थ, हॉल अँड पॉन्ड'. १८४७ मध्ये हॉल बाहेर पडला आणि त्याने मुलाबरोबर 'विल्यम हॉल अँड सन' काढलं. उरलेले १८४८ पासून 'फर्थ, पॉन्ड अँड कं.' झाले. १८६३ मध्ये तेही फुटले, एकीकडे 'फर्थ, सन अँड कं.' आणि दुसरीकडे 'विल्यम ए. पॉन्ड अँड कं.'. सदाशिव पेठेतल्या वाटण्या आठवल्या मला. पण या भांडणांनी आमचं काम केलं. आमचा शिक्का १८४८ ते १८६३ या पंधरा वर्षांतलाच असणार.

मग कारागीर कोण? फर्थ की पॉन्ड? इथे मामाचा डबा आठवा. ही मंडळी दुकानदार होती. स्वरलिपीचे कागद छापायची, पियानो विकायची, गिटार विकायची. एवढा पसारा सांभाळणारा माणूस लेथवर बसून फाईफ कातत नसतो. आणि गंमत अशी की कातणारी जागा आमच्या घरापासून तासाभरावर होती. कनेक्टिकटमधल्या लिचफील्डजवळ एसा हॉपकिन्स याने १८३० च्या सुमारास बासऱ्यांचा कारखाना काढला. नॉगटक नदीच्या पाण्यावर चालणारा. वस्तीचं नावच फ्लूटव्हिल पडलं, म्हणजे बासरीवाडी. १८४० च्या दशकात तो कारखाना न्यूयॉर्कच्या या घराण्याकडे आला. शिक्का न्यूयॉर्कचा, पण लाकडाचा भुसा पडला कनेक्टिकटच्या नदीकाठी, असं त्यांच्या बऱ्याच मालाबद्दल म्हणता येतं. प्रत्यक्ष लेथवर कोण बसलं होतं त्याचं नाव लाकडावर नाही.

इंग्लंडमध्येही हीच तऱ्हा. लंडनच्या स्ट्रँडवर थॉमस केहुसॅकचं दुकान होतं, पाटीवर दोन बासऱ्या आणि एक व्हायोलिन. १७९८ मध्ये तो वारला आणि मुलांनी धंदा पुढे चालवला, त्यामुळे 'केहुसॅक, लंडन' एवढ्यावरून बाप की मुलगा हे कळत नाही, पत्ता जोडलेला असेल तर थोडं कळतं. जॉर्ज ॲस्टर हा मूळचा जर्मन, लंडनला बासऱ्या बनवायचा. त्याचा धाकटा भाऊ त्या बासऱ्या विकायला घेऊन १७८३ मध्ये अमेरिकेकडे निघाला, पुढे केसाळ कातड्यांच्या धंद्यात शिरला, मॅनहॅटनमध्ये जमिनी घेतल्या आणि देशातला सगळ्यात श्रीमंत माणूस झाला. तो जॉन जेकब ॲस्टर. त्यामुळे 'ॲस्टर' शिक्क्याचा फाईफ कोणी विकायला काढला की बासरीपेक्षा भावाचीच गोष्ट जास्त ऐकायला लागते.

जर्मन मालाची गोष्ट सगळ्यात सोपी. सॅक्सनीतलं मार्कनॉयकिर्शेन हे गाव आणि आजूबाजूची वस्ती घरोघरी वाद्यं बनवायची. अमेरिकेला एवढा माल जायचा की १८९३ मध्ये त्या लहानशा गावात अमेरिकेने आपली वकिलातीची कचेरी उघडली. हा माल बिनशिक्क्याचा यायचा आणि इथला दुकानदार आपलं नाव ठोकायचा. मात्र १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. म्हणून 'जर्मनी' असं लिहिलेला फाईफ साधारण त्यानंतरचा. लिहिलेलं नसेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, नावाची चिकटवलेली पट्टी कधीच सुटून गेलेली असू शकते.

हे सगळं ऐकून वाटेल की यादवी युद्धातला खरा फाईफ मिळणं अशक्य. अशक्य नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. युद्ध संपल्यावर वीस-तीस वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांनी आपापल्या गावांत फाईफ-ढोलाची पथकं काढली, मिरवणुका काढल्या. त्यासाठी नवे फाईफ विकत घेतले. ते नातवंडांकडे आले तेव्हा 'आजोबांचा, युद्धातला' झाले. आजोबा युद्धात होते हे खरं, फाईफ आजोबांचा हेही खरं, तरी वाद्य युद्धानंतरचं. कोणी खोटं बोललं नाही. दोन खऱ्या वाक्यांच्या मध्ये एक 'आणि' घुसला, एवढंच.

पडताळणीसाठी दोन आधार आहेत. एक म्हणजे फुंकून वाजणारी वाद्यं बनवणाऱ्यांची सूची. एडिंबराच्या लिंडसे लँगविल या हिशेबनीसाने ती १९६० मध्ये पहिल्यांदा छापली आणि विल्यम वॉटरहाउस याने १९९३ मध्ये वाढवून नव्याने काढली. हिशेबनीसाच्या चिकाटीशिवाय असं काम होत नाही. दुसरा आधार वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला डेटन मिलरचा संग्रह. मिलर हा क्लीव्हलंडचा भौतिकशास्त्रज्ञ. आईनस्टाईनच्या काळात ईथरचा, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानायचे त्या अदृश्य माध्यमाचा, वारा शोधायच्या नादात त्याने वर्षं घालवली, तो सापडल्याचा त्याचा दावा काही टिकला नाही, पण बासऱ्या सापडल्या, सुमारे १,७००. मरताना, १९४१ मध्ये, त्याने त्या देशाला दिल्या. त्यांचे फोटो आणि मापं घरबसल्या बघता येतात. आपल्या शिक्क्याशेजारी तिथला शिक्का ठेवून अक्षरांचं वळण जुळवा. नकली ठशात बहुधा अक्षरांमधलं अंतर चुकतं, किंवा शिक्का झिजलेल्या लाकडावर अगदी कोरा करकरीत बसलेला असतो. लाकूड झिजलं तर शिक्काही झिजायला हवा.

एवढं झाल्यावर वर्णन लिहायला बसायचं. चांगलं वर्णन रुक्ष असतं. 'सुंदर', 'दुर्मिळ', 'ऐतिहासिक' हे शब्द त्यात नसतात. मी बाईंसाठी जे कार्ड लिहिलं ते असं:

'फाईफ. एकसंध, चाव्या नाहीत, बोटांची सहा भोकं. लाकूड गडद तपकिरी, जड, एका बाजूला पिवळी रेघ, बहुधा कोकस. दोन्ही टोकांना पांढऱ्या धातूची कडी, बहुधा जर्मन सिल्व्हर, मूळची वाटतात. पूर्ण लांबी ३९.८ सेंमी, वाजती लांबी ३३.४ सेंमी. पोकळी सरळ, टोकाशी १०.४ गुणिले १०.१ मिमी. हिशेबाने येणारा सूर काळी पाचच्या जवळ, वाजवून पाहिलेला नाही. शिक्का: फर्थ, पॉन्ड अँड कं., न्यूयॉर्क, 'पॉन्ड'चं शेवटचं अक्षर झिजलेलं. विक्रेत्याच्या नावावरून काळ १८४८ ते १८६३. घडवणारा अज्ञात, कनेक्टिकटमधल्या कारखान्यातला असू शकेल. पहिल्या भोकापासून डोक्याकडे केसाएवढी भेग, पोकळीपर्यंत गेलेली नाही. कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणे यादवी युद्धात वापरलेला. काळ जुळतो, स्वतंत्र पुरावा नाही.'

'बहुधा', 'वाटतात' आणि 'असू शकेल' हे शब्द मी मुद्दाम ठेवले. मोजलेलं, पाहिलेलं, अंदाजलेलं आणि ऐकलेलं, या चार गोष्टी वाचणाऱ्याला वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. उद्या माझं 'कोकस' चुकीचं निघालं तर पुढच्या माणसाला फक्त तेवढाच शब्द बदलावा लागेल.

एक ओळ मात्र मी वर गाळली. उघड्या टोकाजवळ, खालच्या बाजूला, चाकूच्या टोकाने ओरखडलेली दोन अक्षरं होती, 'जे' आणि 'एच'. टॉर्च आडवी धरल्याशिवाय दिसत नव्हती. मालकाची खूण असणार. छावणीत सगळ्यांचे फाईफ सारखेच दिसत, अदलाबदल होऊ नये म्हणून पोरं नावं कोरायची.

कार्ड घेऊन मी बाईंकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं. 'घडवणारा अज्ञात' याचं त्यांना काही वाटलं नाही, पण त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून थांबल्या. त्यांच्या पणजोबांचं नाव 'डब्ल्यू'ने सुरू होत होतं, आडनाव 'एस'ने.

"म्हणजे आमचा नाहीच हा?"

मी म्हटलं, एखाद्या मित्राचा असेल, विकत घेतलेला असेल. काहीही असेल. त्या बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "पण पणजोबा चार असतात ना रे?"

खरंच की. वडिलांकडचे दोन, आईकडचे दोन. युद्धात गेलेल्या एकाचं नाव घरात पिढ्यान् पिढ्या घेतलं जात होतं, बाकी तिघांची नावं त्यांना ठाऊकच नव्हती. सध्या फाईफ परत लोकरी मोज्यात आहे, सोबत माझं कार्ड, आणि बाई दर मंगळवारी गावाच्या कचेरीत जाऊन जन्म-मृत्यूची जुनी दप्तरं काढायला लावताहेत.